फडकत्या पंखांच्या सूक्ष्म यानांचे स्वयंनियंत्रण

पंख मारत उडणाऱ्या छोट्या यानाने रिमोटवरच्या माणसाशिवाय स्वतःचा तोल सांभाळणे, उंची धरणे आणि अडथळे चुकवणे म्हणजे त्याचे स्वयंनियंत्रण. अशा यानांना ऑर्निथॉप्टर म्हणतात.

या कामात खरी अडचण अकलेची नसून वजनाची आणि थरथरीची आहे. चार पात्यांच्या ड्रोनला उचल जवळजवळ सलग मिळते; इथे ती प्रत्येक फडक्यात वाढते-घटते आणि सगळा सांगाडा हलवते. ती थरथर जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक) व त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा) यांच्या नोंदींत मिसळते. म्हणून नियंत्रणाचे गणित सहसा पूर्ण फडक्याच्या सरासरी बलावर मांडतात आणि नोंदींतली थरथर गाळून घेतात. मात्र गाळणे जास्त झाले की माहिती उशिरा पोहोचते, आणि तेवढ्यात यान कलंडते.

शेपूट असली तर काम सोपे होते: पतंगाला शेपटी बांधावी तसे यान आपोआप स्थिरावते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाचे डेलफ्लाय एक्सप्लोरर (2013) असेच शेपटीचे होते. 20 ग्रॅमच्या या यानात दोन कॅमेऱ्यांची 4 ग्रॅमची दृष्टियंत्रणा होती. तिच्या आधारे ते खोलीतले अडथळे स्वतः टाळत असे. त्याच संस्थेच्या डेलफ्लाय निंबलने (2018) शेपूट टाकून दिली. 29 ग्रॅमचे हे यान सेकंदाला सुमारे 17 वेळा पंख मारते. डाव्या-उजव्या पंखांच्या जोरात फरक करून ते कुशीवर कलते, पंखांच्या जोड्या पुढे-मागे सरकवून नाक वर-खाली करते आणि पंखांची मुळे पिळून वळते. चपळाई वाढली, पण तोल सतत संगणकानेच सांभाळावा लागतो.

हार्वर्डची रोबोबी याहून कितीतरी लहान. सुमारे 80 मिलिग्रॅमच्या या यानाने 2013 साली नियंत्रित उड्डाण केले, पण वीज तारेतून येत होती आणि गणित बाहेरचा संगणक करीत होता. 2019 मध्ये चार पंखांची आवृत्ती तारेविना उडाली, तीही उन्हाहून प्रखर दिव्यांखाली, क्षणभर. तिला स्वायत्त म्हणणे घाईचे ठरेल.

‘यंत्रमाश्या परागीभवन करतील’ हे भाकीत नाशिकच्या शेतीला लावताना जपून लावावे. द्राक्षाची फुले बहुतांशी स्वपरागित असल्याने बागायतदाराला त्यांचा उपयोग नाही. शिवाय निंबलचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 7 मीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटर. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या अंगाने येणारा पश्चिमेचा जोरदार झोत त्याला जागचे हलू देणार नाही. पॉलिहाउसची गोष्ट वेगळी. आत वारा जवळजवळ नसतो, आणि टोमॅटोच्या फुलातून पराग झडायला जे हलवणे लागते ते बाहेर वारा करतो, आत करावे लागते. मात्र वेलींच्या दाटीत जीपीएसच्या अचूकतेवर विसंबता येत नाही. म्हणजे पुन्हा कॅमेरा आला, आणि कॅमेऱ्याचे वजनही.

भारताच्या ड्रोन नियम, 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतात आणि त्यांच्या चालकाला परवाना लागत नाही. त्यामुळे कुठेही उडवता येते असे मात्र नाही. रेड झोनमध्ये, म्हणजे उड्डाणाला बंदी असलेल्या हवाई क्षेत्रात, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नॅनो ड्रोनलाही मनाई आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना व धावपट्टी, नाशिकच्याच गांधीनगरला लष्करी वैमानिकांचे प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना प्रशाला असा हा परिसर असल्याने प्रयोगाची जागा आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावी लागते.