मद्यपेयांचा गोठणबिंदू

शुद्ध पाणी 0 अंश सेल्सिअसला गोठते, शुद्ध एथिल अल्कोहोल उणे 114 अंशांना. मद्यपेये म्हणजे मुख्यतः या दोघांचे मिश्रण, आणि अल्कोहोल जितके जास्त तितका गोठणबिंदू खाली. घरगुती फ्रीझर साधारण उणे 18 अंशांवर चालतो. त्यामुळे मुंबईच्या उकाड्यात गार व्हायला ठेवलेली बिअरची बाटली विसरली की बर्फाने भरते, शेजारची व्हिस्कीची क्वार्टर मात्र पातळच राहते.

बर्फ होताना पाण्याचे रेणू एका ठरावीक जाळीत बसतात. अल्कोहोलचे रेणू त्या जाळीत सामावत नाहीत, द्रवातच राहतात. पाण्याचे रेणू विरळ झाल्याने स्फटिक बांधला जाण्यासाठी तापमान आणखी उतरावे लागते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा-मारी राऊल यांनी 1880च्या दशकात दाखवले की विरळ द्रावणात ही घसरण विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरते. 1 किलो पाण्यात 46 ग्रॅम एथिल अल्कोहोल घातले तर ती सुमारे 1.86 अंश असते. कुल्फीवाला बर्फावर मीठ टाकतो त्यामागेही हेच तत्त्व आहे.

5 टक्क्यांची बिअर उणे 2 अंशांच्या आसपास गोठू लागते, 12 टक्क्यांची वाइन उणे 5 च्या जवळ, 40 टक्क्यांची व्होडका उणे 27 च्या आसपास. भारतात व्हिस्की-रम बहुधा 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे तिचा बिंदू त्याहूनही खाली.

‘गोठू लागते’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा, कारण मद्य एकाच तापमानाला पूर्ण गोठत नाही. आधी जवळजवळ शुद्ध पाण्याचा बर्फ वेगळा होतो. उरलेला द्रव अधिक कडक बनतो, त्याचा गोठणबिंदू पुन्हा घसरतो. जर्मनीतील आइसबॉक बिअर अशीच, बर्फ काढून टाकून, दाट केली जाते. बाटली मात्र फुटू शकते: पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, शिवाय बिअरमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून दाब वाढवतो.

फ्रीझरमध्ये गोठली नाही म्हणून दारू अस्सल, असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नये. मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. मिथेनॉल स्वतः सुमारे उणे 98 अंशांना गोठते आणि त्याचा रेणू हलका असल्याने, वजनास वजन, पाण्याचा गोठणबिंदू एथिल अल्कोहोलपेक्षाही जास्त उतरवते. बर्फ काढून दारू दाट केली तर तेही उरलेल्या द्रवातच साठते. ते खात्रीने ओळखायला प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी, करावी लागते.