परळीचा संच, कळव्याचं शेड्यूल

औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून धूर दिसला नाही की ‘थर्मल बंद पडलं’ असं परळी भागात सहज बोललं जातं. पण अनेकदा वीज बनवणारा संच धडधाकट असतो, कोळसा यार्डात असतो, शिफ्टवर माणसं आलेली असतात आणि तरीही संच थांबवलेला असतो. कुठल्या केंद्रानं कधी किती वीज द्यायची हे सांगणारं, कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून आलेलं शेड्यूलच शून्य असतं. आतली माणसं त्याला ‘झिरो शेड्यूल’ म्हणतात. न बनवलेल्या विजेचेही काही पैसे मिळतात, हे ऐकून बाहेरच्या माणसाला राग येतो. तो राग मला समजतो, पण ही पद्धत का आणावी लागली हे आधी पाहायला हवं.

परळीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ३० मेगावॉटचे दोन लहान संच उभे राहिले, ऐंशीच्या दशकात २१० मेगावॉटचे तीन आले. तेव्हा सगळं एकाच वीज मंडळाचं होतं. केंद्रही त्यांचं, तारा त्यांच्या, घरी येणारं बिलही त्यांचंच. लोड वाढवा, कमी करा, हे फोनवर सांगितलं जाई. परळीनं आपल्याच मंडळाकडे पैसे मागण्याचा प्रश्न नव्हता.

पैशाचा प्रश्न उभा राहिला तो कोरबा, विंध्याचल अशा केंद्र सरकारच्या मालकीच्या वीज प्रकल्पांत, कारण त्यांची वीज अनेक राज्यांना वाटली जाई. त्या काळच्या दरपद्धतीत जास्त उत्पादनाला बक्षीस होतं. मग रात्री मागणी उतरली तरी उत्पादन कमी करायला कोण तयार होणार? आणि संध्याकाळी राज्यं वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत, कारण जादा ओढण्याला वेगळी किंमतच नव्हती. परिणाम फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांवर, दिसे. ग्रीडची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झ असली की परळीतलं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं. मागणी वाढली आणि उत्पादन तेवढं नसलं की साऱ्या ग्रीडमधली टर्बाइन एकत्र मंदावतात. त्या वर्षांत फ्रिक्वेन्सी ४८.५ च्याही खाली घसरे. टर्बाइनच्या पात्यांना ते सोसत नाही, आणि ग्रीड वाचवायला भागाभागाला वीज नेणारे फीडर बंद करावे लागत. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची मोटार मध्येच थांबायची, त्यामागे हेही एक कारण होतं.

यावर केंद्रीय वीज नियामक आयोगानं जानेवारी २००० मध्ये उपलब्धतेवर आधारित दराचा आदेश दिला. तो सर्वात आधी आपल्या पश्चिम विभागात लागू झाला, १ जुलै २००२ रोजी. त्यात पैशाचे तीन भाग केले. कर्जाचं व्याज, घसारा, पगार, देखभाल यांचा स्थिर आकार मिळतो तो केंद्र तयार असण्याबद्दल. इंधनाचा आकार मिळतो शेड्यूलमध्ये दिलेल्या विजेचा. तिसरा भाग शेड्यूलपासून ढळण्याचा, आणि त्याचा दर फ्रिक्वेन्सीला बांधलेला. माझ्या मते सगळी करामत या तिसऱ्या भागात आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडले. २०० मेगावॉटचं शेड्यूल असेल तर एका तुकड्यात ५०,००० युनिट द्यायचे. फ्रिक्वेन्सी पडलेली असताना कमी दिलेत तर ते युनिट महाग पडतात. ती चढलेली असताना जास्त दिलेत तर हाती जवळजवळ काहीच येत नाही. जे काम फोनवरच्या विनवण्यांनी होत नव्हतं, ते या दरानं बरंचसं केलं.

वीज कायदा २००३ मध्ये आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण वेगळ्या झाल्या. आता परळीची वीज महावितरण विकत घेऊ लागली. राज्यांतर्गत अशीच हिशेबपद्धत ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिची जागा विचलनाच्या, म्हणजे शेड्यूलपासून ढळण्याच्या, नव्या नियमांनी घेतली.

शेड्यूल कुणाला द्यायचं हे ‘एमओडी’ (मेरिट ऑर्डर डिस्पॅच) नावाची यादी ठरवते. तीत फक्त इंधनाचा आकार पाहून केंद्रांची क्रमवारी लागते, स्वस्त वर, महाग खाली. चंद्रपूरच्या केंद्राला खाण शेजारी आहे. परळीचा कोळसा रेल्वेनं लांबून येतो. भाडं इंधनाच्या खर्चात धरलं जातं आणि परळी यादीत खाली सरकते. मागणी उतरली की आधी तिला ‘बॅकडाउन’, म्हणजे उत्पादन उतरवण्याची सूचना, मिळते. संच साधारण ५५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २५० मेगावॉटचा असेल तर १३७ मेगावॉटच्या आसपास, उतरवता येतो. त्याहूनही मागणी कमी असेल तर संच राखीव बंद ठेवायचा. पुन्हा पेटवताना आधी फर्नेस ऑइल जाळावं लागतं आणि थंड झालेला संच पूर्ण भारावर यायला बरेच तास जातात. दुपारच्या सौरविजेमुळे ही चढउतार आणखी वाढते आहे.

पाण्याचं गणित मात्र वेगळं. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळानं परळीचे संच पाण्याअभावी थांबले, २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. झिरो शेड्यूलमध्ये केंद्र ‘तयार’ धरलं जातं. पाणी नसेल तर ते तयारच नसतं. वर्षाची उपलब्धता ठरलेल्या ८५ टक्क्यांच्या खाली गेली की स्थिर आकारही त्या प्रमाणात कापला जातो. दुष्काळी भागातल्या केंद्रावर हा नियम फार जड पडतो, असं मला वाटतं.

आज चालते संच तीन आहेत, सहा, सात आणि आठ, प्रत्येकी २५० मेगावॉटचे. ते राखीव बंद असले तरी स्थिर आकारातून कंपनीचे पगार आणि हप्ते निघतात. पण राख निघत नाही. मग राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्या, टिपरवाले आणि त्यांच्यावर पोट असलेले मजूर यांचं काम थांबतं. कळव्याहून येणाऱ्या शेड्यूलमध्ये त्यांच्यासाठी कोणताही आकार नसतो.