लॉर्डसाहेब मागे राहिले, विजार पोचली

अमेरिकेच्या दक्षिण भागात फिडलवर (वाद्य व्हायोलिनच, लोकसंगीतातलं नाव वेगळं) 'लेदर ब्रिचेस' नावाची एक रील, म्हणजे जलद नाचाची धून, वाजवतात. लेदर ब्रिचेस म्हणजे चामडी विजार. स्कॉटलंडमध्ये हीच धून 'लॉर्ड मॅकडोनाल्ड' म्हणून ओळखतात. समुद्र ओलांडताना लॉर्डसाहेब मागे राहिले, विजार तेवढी पोचली. 'मिस मॅक्लाउड' या रीलचीही तीच गत. अमेरिकेत तिचं एक नाव पडलं, 'जोकाका, तुम्ही सैतान कधी पाहिलात का?'

आपल्याकडे चाल शब्दांना बांधलेली असते. संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून दुसऱ्याच पदाची ओळ दिलेली असते, तेवढ्यावर काम भागतं. फिडलच्या नाचाच्या धुनांना बहुतेकदा शब्दच नसतात. नाचणाऱ्याला ठेका मिळाला की पुरे. वाजवणारा मात्र 'ती परवाची' म्हणून किती दिवस ढकलणार? मग जे हाताशी असेल ते नाव: ज्याच्याकडून शिकलो तो, त्याचं गाव, एखादी लढाई.

अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये नावामागे व्यवहारही होता. नील गो (1727–1807) हा अथॉलच्या ड्यूकच्या आश्रयातला वादक. धुनांचं पुस्तक छापायचं तर आधी वर्गणीदार गाठावे लागत, म्हणून पानोपानी 'मिस अमकी' आणि 'लेडी तमकी'. त्याच्या सर्वांत गाजलेल्या धुनेचं नाव मात्र 'दुसऱ्या पत्नीच्या मृत्यूवर नील गोचा विलाप'. शीर्षक म्हणजे नुसती दप्तरातली नोंद. दुःख सगळं सुरांत आहे.

'एट्थ ऑफ जानेवारी' ही धून 8 जानेवारी 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवरून ओळखली जाते. ब्रिटन-अमेरिका युद्ध थांबवणाऱ्या तहावर सह्या होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते, पण बातमीच पोचली नव्हती. पुढे आर्कान्सामधल्या जिमी ड्रिफ्टवुड या शिक्षकाने मुलांना इतिहास कळावा म्हणून त्या धुनेवर शब्द बसवले. 1959 मध्ये गायक जॉनी हॉर्टनने ते गाणं अमेरिकाभर पोचवलं. आज धून ऐकून लोकांना गाणं आठवतं, तारीख नाही.

या पसाऱ्याची मोजदाद करायला बसला तो एक पोलीस. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जन्मलेला फ्रान्सिस ओनील 1901 ते 1905 शिकागोचा पोलीसप्रमुख होता. 1903 मध्ये त्याने 1850 आयरिश धुना छापल्या. स्वतःला नोटेशन लिहिता येत नसल्याने तो धून ऐकवायचा आणि जेम्स ओनील हा सहकारी ती कागदावर उतरवायचा. तरीही एकच धून दोन नावांनी आत शिरल्याचे प्रकार झालेच. मला यात ओनीलचा दोष वाटत नाही. दोन वादकांनी दोन नावं सांगितली तर खरं कोणतं धरायचं?

आयर्लंडमधल्या पूर्व गॉलवेच्या पॅडी फाही या फिडलवादकाने हा प्रश्नच ठेवला नाही. त्याने स्वतःच्या धुनांना नावंच दिली नाहीत. त्यामुळे मैफलीत कुणी 'फाहीची जिग' (जिग हाही नाचाच्या धुनेचा एक प्रकार) म्हटलं की 'कुठली?' हा प्रश्न ठरलेला, आणि उत्तर म्हणून पहिले दोन-तीन सूर वाजवून दाखवावे लागतात. बाकी बेवारशी धुनांपुढे अल्बमवर आयरिशमध्ये 'गन अनिम' छापतात, म्हणजे 'बिननावाची'. अशा 'गन अनिम' इतक्या झाल्यात की त्यांच्यातही आता 'कुठली?' विचारावं लागतं.