चॅटमधील दस्तऐवज सहकार्य

कार्यालयीन संवादाच्या चॅट मंचावर (उदा., मायक्रोसॉफ्ट टीम्स, स्लॅक, गूगल चॅट, झोहो क्लिक) दस्तऐवज सहकाऱ्यांना उपलब्ध करून देणे, तो अनेकांनी मिळून लिहिणे व सुधारणे आणि त्याबद्दलची चर्चाही तिथेच करणे, अशी ही कार्यपद्धती आहे. अहवाल, कोष्टक, सादरीकरण, बैठकीचे इतिवृत्त, निविदेचा मसुदा असे कोणतेही कागद यात येतात. ईमेलला फाइल जोडून पाठवायची, उत्तरात सुधारलेली फाइल परत यायची आणि शेवटी ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम साहेबांनी पाहिलेली’ अशा तीन फाइलींतली खरी कोणती हे शोधत बसायचे, या जुन्या त्रासातून सुटका व्हावी म्हणून ही पद्धत रुजली. सुटका बऱ्याच अंशी झाली. काही त्रास मात्र नुसते जागा बदलून बसले.

प्रत आणि लिंक : चॅटमधल्या संदेशात फाइल दिसते तेव्हा तिच्यामागे दोहोंपैकी एक गोष्ट असते. एक तर ती फाइलीची स्वतंत्र प्रत असते, नाहीतर एका ठिकाणी ठेवलेल्या मूळ दस्तऐवजाचा पत्ता, म्हणजे लिंक. प्रत दहा जणांनी उतरवून घेतली की दहा प्रती होतात आणि त्या क्षणापासून प्रत्येकीचा संसार वेगळा. लिंक दहा जणांकडे गेली तरी दस्तऐवज एकच राहतो, दहाही जण त्याच पानावर येतात. अडचण अशी, की पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात : नाव लिहिलेला छोटा चौकोन आणि शेजारी चिन्ह. या कार्यपद्धतीतले बहुतेक घोळ समोरचा चौकोन यांपैकी कोणता, हे न कळल्यामुळे होतात.

पूर्वपीठिका : दोन माणसांनी दोन ठिकाणी बसून एकच मजकूर हाताळण्याची कल्पना चॅट मंचांपेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील परिषदेत तिचे प्रात्यक्षिक दाखवले. सुमारे ५० किमी. दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेला सहकारी त्याच पडद्यावरच्या मजकुरावर त्यांच्यासोबत काम करत होता. त्याचा चेहरा दिसत होता, आवाजही ऐकू येत होता. कार्यालयांपर्यंत हे पोचायला मात्र काही दशके गेली. लोटस नोट्स (१९८९) आणि मायक्रोसॉफ्टचे शेअरपॉइंट (२००१) यांनी कागद एका ठिकाणी ठेवायची सोय केली. सामायिक फोल्डरमधली फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येई, आणि उघडणारा ती तशीच ठेवून जेवायला गेला की सगळ्यांचे काम अडे. ब्राउझरमध्ये मिळून लिहिण्याची सोय ‘रायटली’ने २००५ मध्ये दिली. गूगलने २००६ मध्ये ती विकत घेतली आणि त्यातूनच गूगल डॉक्स उभे राहिले.

संभाषण आणि दस्तऐवज एकच करून टाकण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न म्हणजे २००९ मधले ‘गूगल वेव्ह’. त्यात संदेश हाच दस्तऐवज होता. कोणीही कोणाच्याही वाक्यात शिरून लिहू शके. ऑगस्ट २०१० मध्ये गूगलने त्याचा विकास थांबवला. कल्पना काळाच्या पुढची होती हे खरे, पण हे बोलायचे ठिकाण आहे की लिहायचे, याचा वापरणाऱ्याला उलगडा होत नसे, हेही तितकेच खरे. नंतरच्या मंचांनी म्हणून चॅट वेगळे आणि दस्तऐवज वेगळा ठेवून दोहोंमध्ये दार ठेवले. एक संगणकीय खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत संवादसाधनातून जन्मलेले स्लॅक फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, टीम्स मार्च २०१७ मध्ये. दस्तऐवजाशेजारी गप्पांची पट्टी देणारे ‘क्विप’ सेल्सफोर्स कंपनीने २०१६ मध्ये ७५ कोटी डॉलरला घेतले आणि २०२१ मध्ये त्याच कंपनीने स्लॅकही ताब्यात घेतले. स्लॅकमध्ये २०२३ पासून आलेला ‘कॅनव्हास’ (चॅटमध्येच उघडणारे सामायिक पान) आणि टीम्समधले ‘लूप’ घटक पाहिले, की वेव्हची कल्पना लहान मापात परत आलेली दिसते. लूपमधली यादी संदेशातच असते आणि वाचणारा ती तिथल्या तिथे बदलू शकतो.

फाइल खरी कुठे असते : टीम्सच्या उदाहरणावरून हे चांगले समजते. त्यात चॅनलमध्ये, म्हणजे एका टीमच्या (गटाच्या) सामायिक संवादकक्षात, टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंट संकेतस्थळावर, त्या चॅनलच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाते. ती टीमची मालमत्ता असते. खासगी चॅनलला त्याचे स्वतःचे वेगळे संकेतस्थळ मिळते. पण तीच फाइल दोघांच्या किंवा चौघांच्या चॅटमध्ये टाकली, तर ती पाठवणाऱ्याच्या वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात) साठते आणि बाकीच्यांना फक्त तिथे यायची परवानगी मिळते. वापरणाऱ्याला हा फरक जाणवत नाही; दोन्हीकडे फाइल जोडायचे चिन्ह तेच.

तो जाणवतो माणूस नोकरी सोडून गेल्यावर. त्याचे खाते काढून टाकले, की नेहमीच्या मांडणीत त्याचे वनड्राइव्ह ३० दिवस राखले जाते. नंतर ते ९३ दिवस कचरापेटीत असते, पण तिथून परत आणणे ॲडमिनच्याच (संस्थेची यंत्रणा सांभाळणाऱ्याच्याच) हातात असते. वर्षभर ज्या कोष्टकावर चार जणांचे काम चालले ते कोष्टक अचानक उघडेनासे होते. चॅटमध्ये चौकोन मात्र तसाच दिसत राहतो. म्हणून ज्याचे आयुष्य एका कामापेक्षा मोठे आहे असा कागद चॅनलमध्येच टाकावा, चॅटमध्ये नव्हे, हा जाणत्या ॲडमिनचा पहिला आग्रह असतो. स्लॅकची अडचण निराळी. तिथे थेट चढवलेली फाइल स्लॅकच्याच साठ्यात जाते आणि मोफत योजनेत सप्टेंबर २०२२ पासून फक्त गेल्या ९० दिवसांतले संदेश व फाइली पाहता येतात. लहान संस्था मोफत योजनेवर काम सुरू करतात आणि चौथ्या महिन्यात पहिल्या महिन्याचा करार शोधू लागतात.

एकाच वेळी लिहिणे : मिळून लिहिण्यातली तांत्रिक गाठ साध्या वाक्याने दाखवता येते. ‘सभा सोमवारी आहे’ हे वाक्य दोघांसमोर आहे. एकीने सुरुवातीला ‘मासिक’ हा शब्द घातला. त्याच क्षणी दुसऱ्याने पाचव्या स्थानापासूनचे ‘सोमवारी’ खोडून ‘मंगळवारी’ केले. डोळ्यांना ‘मासिक’ तीन अक्षरांचे दिसते, पण संगणक काना आणि वेलांटी वेगळी मोजतो. त्याच्या लेखी ती पाच चिन्हे आणि पुढची मोकळी जागा धरून सहा. म्हणजे दुसऱ्याची आज्ञा पहिलीच्या संगणकावर पोचेपर्यंत ‘सोमवारी’ पाचव्या स्थानावरून अकराव्या स्थानावर सरकलेले असते. आज्ञा जशीच्या तशी पाळली तर भलतीच अक्षरे खोडली जातील. आलेली आज्ञा आधीच्या बदलांच्या हिशेबाने सरकवून मग पाळायची, ही यावरची युक्ती एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्ये मांडली आणि गूगल डॉक्स तिच्याच पुढच्या रूपावर चालते. कोणत्याही क्रमाने एकत्र केले तरी निकाल एकच यावा अशी विदेची (डेटाची) रचनाच करायची, हा दुसरा मार्ग २०११ मध्ये सूत्रबद्ध झाला. दोन्ही मार्गांनी मजकूर सर्वांकडे सारखा होतो. तो शहाणा होतोच असे नाही : दोघांनी एकच वाक्य दोन दिशांनी दुरुस्त केले, तर यंत्राच्या दृष्टीने सर्व आलबेल आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने खिचडी.

परवानगी : लिंक कोण उघडू शकेल हे दस्तऐवज जिथे ठेवला आहे तिथे ठरते, चॅटमध्ये नाही. गूगल ड्राइव्ह स्लॅकला जोडलेले असेल तर लिंक टाकताच, चॅनलमधल्या लोकांना ती उघडता येत नसल्याचे पाठवणाऱ्याला सांगून परवानगी देण्याची विचारणा होते. घाईत माणूस बहुधा सर्वांत सैल पर्याय निवडतो : ‘लिंक असलेला कोणीही’. अशी लिंक कंपनीबाहेर फॉरवर्ड झाली, की ती पाहणाऱ्याला ओळख सांगावी लागत नाही. पगाराचे कोष्टक अशा लिंकने फिरवणे म्हणजे कपाटाची किल्ली सूचनाफलकावर टांगणे होय.

‘ठीक आहे, पाठवा’ : या पद्धतीतला सर्वांत अवघड प्रश्न तांत्रिक नाही, मंजुरीचा आहे. महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांतील नस्तीत एक टिपणीचा भाग असतो आणि एक पत्रव्यवहाराचा. बोलणे आणि कागद एकाच फितीत बांधलेले असतात. चॅट मंचाने बाहेरच्या जगाला नव्याने दिली ती हीच सोय. पण नस्तीतली टिपणी सही होऊन पुढे गेली की तिला कोणी हात लावत नाही. नस्ती संगणकावर हाताळणाऱ्या ई-ऑफिस प्रणालीतही मसुदा असेपर्यंत पिवळी टिपणी बदलता येते, हिरवी पुढे पाठवली की गोठते. चॅटमधल्या लिंकला असे गोठणे नसते. साहेबांनी सकाळी अकराला संमतीचा अंगठा (👍) दाखवला तो अकराच्या मजकुराला. साडेअकराला कोणी दर बदलला, तरी संदेशाखालचा अंगठा जागच्या जागी राहतो आणि आता तो नव्या दराला दिलेला दिसतो. आवृत्ती-इतिहास उघडून अकराचा मजकूर पाहता येतो. तो उघडून पाहायची सवय किती जणांना असते, हा वेगळा प्रश्न. प्रतीचा इथे फायदा असतो. म्हणून मंजुरीपर्यंत लिंक आणि मंजुरीसाठी पीडीएफ प्रत, अशी सरमिसळ अनेक कार्यालयांनी आपापल्या अनुभवाने स्वीकारली आहे. ती ओबडधोबड वाटली तरी लबाड नाही.

व्हॉट्सॲपची जागा : भारतात कार्यालयीन मंच विकत घेतलेला असूनही काम व्हॉट्सॲपच्या गटावर चालणे सर्रास आढळते, शाळा, दवाखाने, बांधकामाच्या साइट, सहकारी सोसायट्या यांना तर दुसरा मंच नसतोच. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून दस्तऐवज पाठवता येतात आणि २०२२ मध्ये फाइलीची मर्यादा १०० एमबीवरून २ जीबीवर गेली. पण तिथे जाते ती केवळ प्रत. ती प्रत्येकाच्या फोनमध्ये साठते आणि गटातून काढून टाकलेल्या माणसाच्या फोनमध्येही राहते. मिळून लिहिणे तिथे होत नाही. कोणीतरी एक जण सगळ्यांच्या दुरुस्त्या संदेशांतून वेचून रात्री फाइलीत उतरवतो.

मराठी मजकूर : मराठी कागदांचे प्रश्न याहून वेगळे आहेत. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत तयार झालेले असंख्य जुने मसुदे युनिकोडपूर्व (अक्षरांना सर्व यंत्रांवर एकच सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये आहेत. ते चॅटवर टाकले, की तो फॉन्ट नसलेल्या फोनवर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो आणि शोधात काहीच सापडत नाही. दुसऱ्या बाजूला लिहिणाऱ्याला तोच कागद नीट दिसत असल्याने तक्रार त्याला पटत नाही.

युनिकोडमध्येही सगळे सुरळीत नाही. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र जोडून ते साधले जाई आणि काही कळफलकांवर आजही तसेच साधते. ‘दुसऱ्या’मधला आडवा ‘र’ही दोन प्रकारांनी टंकता येतो : नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एकाने ‘दुसऱ्या टप्प्याचा अहवाल’ अशा नावाने ठेवलेली फाइल दुसऱ्याने तेच शब्द टंकून शोधली तरी सापडेलच याची हमी नसते. म्हणून मराठीत चर्चा करणारे गटही फाइलीचे नाव मात्र रोमन लिपीत, पुढे तारीख घालून ठेवताना दिसतात.