डोस ठरवण्याआधी जनुक तपासा

केमोथेरपीच्या बहुतेक औषधांचा डोस रुग्णाची उंची आणि वजन पाहून ठरतो. पण शरीर ते औषध किती वेगाने मोडून टाकणार, हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही.

१९५७ साली चार्ल्स हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी पुढे आणलेलं फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल आजही मोठ्या आतड्याच्या, जठराच्या, स्तनाच्या कर्करोगात वापरलं जातं. कॅपेसिटाबिनच्या गोळीचंही शरीरात हेच औषध बनतं. त्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग डीपीडी नावाचं एन्झाइम निकामी करतं, आणि नेहमीचा डोस तेवढं वाया जाणार हे धरूनच बेतलेला असतो. डीपीवायडी या जनुकात बदल असेल, तर हे एन्झाइम कमी पडतं. एरवी त्या माणसाला याचा काहीच त्रास नसतो, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही. औषध सुरू झालं की मात्र तोंड येतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात. काही रुग्ण दगावतात.

डीपीडी बंद पडलं तर काय होतं, हे जपानने १९९३ मध्ये पाहिलं. नागिणीवर आलेलं सोरिव्ह्युडिन हे नवं औषध पोटात गेल्यावर डीपीडीला रोखणारा पदार्थ तयार करत होतं. ते फ्लुओरोयुरॅसिलच्या जातीच्या औषधांसोबत घेणारे अनेक कर्करोगी मरण पावले.

जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल, तर साधारण निम्म्या डोसने सुरुवात करून सोसेल तसा तो वाढवतात. निम्मा डोस म्हणजे निम्मे उपचार, ही भीती रुग्णाला वाटतेच. ती समजावून दूर करायला हवी: औषध सावकाश मोडत असल्यामुळे कमी डोसातही रक्तात पुरेसं औषध राहतं. दोन्ही प्रती निकामी असतील, तर हे औषध टाळलेलंच बरं.

युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये उपचारांआधी ही तपासणी करण्याची शिफारस केली. माझ्या मते ती पहिल्या डोसाआधी प्रत्येकाला मिळायलाच हवी. युरिडीन ट्रायॲसिटेट हा उतारा आहे, पण तो शेवटच्या डोसानंतर ९६ तासांच्या आत द्यावा लागतो.

मात्र नेहमी तपासले जाणारे चार बदल मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडलेले आहेत. इतरांत वेगळे बदल असू शकतात. त्यामुळे अहवाल चांगला आला तरी पहिल्या फेरीत जुलाब, ताप किंवा तोंडातले फोड दिसले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना कळवायचं.