गंज चढलेला ब्लॉक आणि गंजानं खाल्लेला ब्लॉक

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात बसतात तो लोखंडी ठोकळा. लांबून हे दोन्ही सारखेच विटकरी दिसतात. भंगारवाला दोन्हीला किलोचा एकच भाव लावतो. मुळात गंज लोखंडापेक्षा कैक पट फुगतो, त्यामुळे केसाएवढं लोखंड गेलं तरी अख्खा ब्लॉक गेल्यासारखा वाटतो.

आमच्या जुन्या जीपचा जादा ब्लॉक दोन पावसाळे कोठ्यात पडून होता. एका अंगाला कुटाराचा ढीग, दुसऱ्या अंगाला पोटॅशची पोती. बाहेर ओढला तर शेजारचे काका म्हणाले, "काही कामाचा नाही राह्यला हा, देऊन टाक."

देण्याआधी एवढं करा. बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या गोल भोकांत, डिझेल चोपडून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुसून ४०० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हातानं फिरवा, आणि नख ओढून बघा. गंज नुसता चढलेला असेल तर चहा सांडल्यासारखा डाग उरतो, त्याखाली होनिंगच्या (दगडानं बारीक घासाईच्या) तिरप्या रेघा दिसायला लागतात आणि नख सरळ घसरत जातं. खाल्लेल्या बोअरमध्ये डाग गेला तरी काळे ठिपके हलत नाहीत. नख तिथं अडकतं. ठिपका कुठं आहे हेही महत्त्वाचं: पिस्टनच्या रिंगा घासतात त्या पट्ट्यात असेल तर कॉम्प्रेशन गळणार, ऑइल जळणार. तळाशी, जिथं रिंग पोचतच नाही, तिथल्या ठिपक्यासाठी डोकं दुखवून घेऊ नका.

पहिल्याला होनिंग पुरतं. दुसरा बोअर मोठा करायला बोअरिंग मशीनवर न्यावा लागतो, पण तोही लगेच भंगार नाही. ०.५० मिमी मोठा पिस्टन टाकायचा तर बोअरच्या भिंतीतून सगळीकडून ०.२५ मिमी लोखंड निघतं. खड्डा तेवढ्यात संपला तर झालं. त्याहून खोल असेल तर पुढची साइज, नाहीतर स्लीव्ह, म्हणजे बोअरच्या आत बसवायची नवी नळी. आमचे तीन बोअर निव्वळ डागाचे निघाले. चौथा खाल्लेला होता, पोटॅशच्या बाजूचा. त्या खतात क्लोराइड असतं, मिठाचा सख्खा भाऊच. त्याची धूळ ओल धरते आणि लोखंडात खड्डे पाडते. त्या एकालाच स्लीव्ह घातली, चारही पिस्टन बदलायचा खर्च वाचला.

पाण्याच्या वाटांमधला गंज मात्र दिसतो तेवढा वाईट नसतो. वेल्च प्लग (त्या वाटांची पत्र्याची बुचं) काढून खरवडा, धुवा, हवा मारा. धुतल्यावर बोअर लगेच पुसून ऑइल लावा, नाहीतर चहा होईस्तोवर पुन्हा लाल.

ठेवताना नुसत्या इंजिन ऑइलवर विसंबू नका. मे महिन्यात ४५ अंशाला ते पातळ होऊन खाली उतरतं आणि मृगाच्या पावसाला भिंत उघडी सापडते. ग्रीस लावा, बोल्टच्या भोकांतही भरा. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल नको, त्यात आम्ल असतं. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलात तर आत घाम धरतो. वर जुनं सुती लुगडं पुरे. खाली लाकडाच्या पाट्या द्या, आणि खतापासून, कुटारापासून लांब.

मेन बेअरिंगच्या कॅपा, म्हणजे क्रँकशाफ्टला खालून धरणारे तुकडे, नंबर बघून आपापल्या जागीच कसून ठेवा. क्रँकशाफ्टच्या भोकांची रांग त्या कॅपांसकट एका रेषेत बोअर केलेली असते, दुसऱ्या ब्लॉकची कॅप चालत नाही. आमची एक कॅप सुटी राहिली होती. आठ दिवस शोधली, शेवटी बैलांच्या गव्हाणीत कुटाराखाली सापडली.