लक्षद्वीपमधील समुद्री गवताची कुरणे : पार्श्वभूमी

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या लगूनमधली (प्रवाळकड्याआडच्या उथळ पाण्यातली) समुद्री गवताची दाट कुरणे या शतकाच्या पहिल्या दशकात हिरव्या कासवांनी चरून बोडकी केली. चारा संपला तशी कासवे शेजारच्या बेटांकडे वळली आणि तिथेही तेच घडले. जगात इतरत्र अशी कुरणे जातात ती ट्रॉलिंग (समुद्रतळावरून जाळे ओढत मासेमारी), सांडपाणी नाहीतर बंदरासाठीच्या गाळउपशाने. लक्षद्वीपमध्ये ही कारणे दुय्यम आहेत.

बेटांवर पूर्वी कासवाची शिकार होत असे. त्याच्या चरबीचे तेल लाकडी होड्यांना चोपडत. पुढे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हिरवे कासव आले आणि शिकार ओसरली. १९६० च्या दशकापासून यांत्रिक बोटींतून काठी-गळाने टूना धरण्याचा धंदाही वाढत होता, त्यामुळे मासेमारीचा भर लगूनबाहेर गेला. आत उथळ, शांत पाणी आणि भरपूर चारा. कासवांना याहून काय हवे?

कायद्याने प्राणी जपला, पण त्याचे कुरण बराच काळ कुणाच्या खिजगणतीत नव्हते. बेटांसह देशाच्या किनाऱ्यासाठी १९९१ साली निघालेल्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत खारफुटी आणि प्रवाळ नावानिशी आहेत. समुद्री गवताचे नाव यायला २०११ उजाडावे लागले.

कुरण संपते कसे, हे नीट पाहण्यासारखे आहे. अगत्तीला मुख्य जात होती थॅलेसिया हेम्प्रिची. हिचे पाते बुडाकडून वाढते, त्यामुळे शेंडा खाल्ला तरी फुटवा येतो. कोवळ्या फुटव्यात नायट्रोजन जास्त आणि तंतू कमी, म्हणून कासव पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यात येते. खाणारा कोण, ते पात्यावरून कळते: पॅरटफिशने खाल्लेल्या पात्याच्या कडेला अर्धगोल चावे दिसतात, कासवाने चरलेले पाते आडवे, सरळ कापलेले असते. प्रत्येक फुटव्यासाठी वाळूखालच्या आडव्या खोडातली साखर खर्च होते. कासवे कमी असतील तर ही तूट भरून निघते. ती वाढली की साठा आटतो, पाती आखूड आणि अरुंद होतात, फुले-बिया धरेनाशा होतात. अगत्तीत थॅलेसिया हटली तिथे झपाट्याने पसरणारी सायमोडोसिया रोटुंडाटा आली, मग तीही चरली गेली. खोड मेले की वाळू बांधून ठेवणारे काही उरत नाही आणि लगूनच्या बाजूची पुळण लाटांना उघडी पडते. पात्यांच्या आडोशाने वाढणारी माशांची पिल्ले गेली की रॅबिटफिशसारखे मासेही घटतात.

वाद इथेच आहे. अगत्तीचे मच्छीमार सांगत होते की कासवे वाढल्यापासून लगूनमधले मासे कमी झाले आणि जाळी फाटू लागली. ही ‘कासवविरोधी ओरड’ ठरवून बाजूला सारणे सोपे होते. प्रत्यक्षात मोजणी झाली, गवताच्या तुकड्यांभोवती कासवे शिरणार नाहीत अशी कुंपणे घातली गेली, आणि आतले गवत वाढले, बाहेरचे खुरटेच राहिले. मच्छीमारांचे निरीक्षण खरे होते आणि ते आधीच ऐकायला हवे होते. तरीही त्यावरून ‘कासवे कमी करा’ हा निष्कर्ष निघत नाही. शिकारीआधी कॅरिबियनमध्ये कासवे कोट्यवधी असावीत असा अंदाज आहे, आणि तिथे कुरणेही होती. पण तेव्हा कासवे खाणारे मोठे शार्क मुबलक होते, विशेषतः टायगर शार्क. शार्कच्या भीतीने कासव एका जागी फार वेळ चरत नाही. लक्षद्वीपमध्ये कासव परतले ते शार्क घटलेल्या समुद्रात. दोष द्यायचाच तर तो कासवाला देण्याआधी शार्कच्या मासेमारीकडे पाहावे लागेल.

कासवे उचलून दुसरीकडे सोडणे फारसे उपयोगी नाही. ती लांबून पोहत ओळखीच्या चरणीच्या जागी परततात. राहते कुंपण. बर्म्युडातही गवत वाचवण्यासाठी जाळीचे पिंजरे वापरले आहेत. जाळीची भोके मासे ये-जा करतील इतकी मोठी, पण कासवाचे डोके शिरणार नाही इतकी लहान असावी लागतात. वरूनही झाकण लागते, नाहीतर कासव वरून उतरते. जाळीवर शेवाळ चढते, ते वेळोवेळी खरवडले नाही तर सावलीनेच गवत मरते, कारण समुद्री गवताला पृष्ठभागावरच्या प्रकाशापैकी साधारण १० टक्के तरी तळापर्यंत पोहोचावा लागतो. आणि पिंजरा टाकायचा तो वाळूखाली खोड जिवंत असेतोवर. खोड कुजल्यावर आत फक्त वाळू राखली जाते; मग दुसऱ्या कुरणातून फुटवे आणून लावावे लागतात, आणि जिथून आणायचे ते कुरणही कासवांच्याच वाटेवर असते.